मुतखडा आणि पाण्याची घंटा

ग्रीक वैद्य हिपॉक्रेटिस याच्या नावाने चालत आलेल्या शपथेत, मुतखड्यासाठी आपण शस्त्र धरणार नाही, ते काम त्यातील जाणकारांवर सोपवू, असे वचन आहे. सुश्रुतसंहितेत मूत्राशयातील खडा शस्त्राने काढण्याची रीत तपशिलाने दिली आहे. परंतु शस्त्रक्रिया न केल्यास मृत्यू निश्चित आणि केल्यास यशाविषयी संशय, म्हणून राजाची अनुज्ञा घेऊनच ती करावी, असा इशाराही तेथेच आहे. दोन प्राचीन संस्कृतींतील वैद्यांना इतके सावध करणारी ही व्याधी होय.

आज ते भय पुष्कळसे ओसरले आहे. अतिवेगवान विमानांवर पावसाच्या थेंबांचा आघात झाल्यास काय होते, याचा अभ्यास जर्मनीतील डॉर्निए ही विमान कंपनी करीत होती. त्यातून पुढे आलेल्या आघातलहरींच्या ज्ञानाचा उपयोग करून ७ फेब्रुवारी १९८० रोजी म्युनिक येथे रुग्णाच्या शरीरातील मुतखडा शस्त्र न लावता प्रथमच फोडण्यात आला. त्याचा चुरा मूत्रावाटे बाहेर पडतो. आता दुर्बिणीच्या साहाय्याने लेसर किरणांनीही खडा फोडता येतो.

तथापि खडा काढला म्हणजे तो होण्याची प्रवृत्ती गेली, असे नव्हे. अनेकांना तो पुन्हा होतो. मूत्र दाट झाले की त्यातील क्षारांचे स्फटिक बनतात. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असल्याने कित्येक जण दूध वर्ज्य करतात. वस्तुतः आहारातील कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधून ठेवते. ते फार कमी केल्यास अपायच संभवतो. मीठ मात्र बेताने खावे. खरा उपाय पाण्याचा. ज्याला एकदा खडा झाला आहे, त्याला दिवसाकाठी अडीच लिटर मूत्र होईल इतके पाणी पिण्यास तज्ज्ञ सांगतात.

हा सल्ला सोपा आहे. पण तो सर्वांना पाळता येतो काय? सकाळी घर सोडणारी शिक्षिका, बसमधील महिला वाहक, खेड्यातून तालुक्याच्या शाळेत येणारी मुलगी यांपैकी अनेकींना वाटेत वा कामाच्या जागी धड स्वच्छतागृह नसते. म्हणून त्या पाणीच कमी पितात आणि लघवी रोखून धरतात. त्यातून खड्याप्रमाणेच मूत्रमार्गातील जंतुसंसर्गाचाही धोका वाढतो. मुंबईत २०११ पासून स्त्रियांनी ‘राइट टू पी’ ही चळवळ चालवली, ती याच गरजेतून. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व शाळांत पिण्याचे पाणी व स्वच्छतागृहे सहा महिन्यांत पुरवण्याचा आदेश राज्यांना दिला.

केरळमधील शाळांनी २०१९ मध्ये मुलांना पाणी पिण्याची आठवण देणारी स्वतंत्र घंटा सुरू केली. ही घंटा कोणत्याही शाळेला वाजवता येईल; तिला खर्च नाही. मात्र त्यानंतर मुलगी जेथे जाईल, त्या स्वच्छतागृहाला दार, कडी आणि पाणी असले पाहिजे. तेवढे नसेल, तर घंटा ऐकूनही ती पाण्याची बाटली उघडणार नाही.