आपली साखर दुकानापर्यंत कशी जाते?



गट कार्यालयात उसाच्या नोंदी घेताना दरवर्षी एक प्रश्न हमखास निघतो. "साहेब, जालन्यात साखर पंचेचाळीस रुपये किलो घेतली, आणि कारखाना म्हणतो आम्ही सदतीसनं विकली. मधले आठ रुपये गेले कुठं?" प्रश्न रास्त आहे. विचारणाऱ्याच्या मनात उत्तरही बहुधा तयार असते : व्यापाऱ्याने खाल्ले. ऊस विकास विभागाच्या माणसाने साखर विक्रीवर कशाला लिहावे, असे कोणी म्हणेल. परंतु सभासद विक्री विभागाकडे सहसा जात नाही, तो आपल्या गटाच्या माणसालाच विचारतो. म्हणून जेवढे नीट समजले आहे तेवढे येथे मांडतो.

आधी त्या आठ रुपयांचा हिशेब करू. भाव रोज बदलतात, तेव्हा हे आकडे केवळ हिशेबापुरते धरावेत. कारखान्याच्या दारात साखर ३७ रुपये किलो. तिच्यावर ५ टक्के जीएसटी म्हणजे १ रुपया ८५ पैसे. झाले ३८ रुपये ८५ पैसे. राहिले सहा रुपये आणि काही पैसे. त्यात ट्रकचे भाडे, दोन ठिकाणची हमाली, दलाली, मोंढ्यातल्या ठोक व्यापाऱ्याचा नफा आणि किराणा दुकानदाराचा नफा बसवायचा. यात ठोक व्यापारी किलोमागे पैशांवर काम करतो, रुपयांवर नाही. त्याचे पोट चालते ते उलाढालीवर. मोठा वाटा जातो तो शेवटच्या दुकानदाराकडे. पण तो पन्नास किलोचे पोते फोडतो, पाव-अर्धा किलो तोलून देतो, तूट सोसतो, आणि गावातली निम्मी विक्री उधारीवर करतो. ती उधारी पुष्कळदा आपल्याच उसाच्या बिलाची वाट पाहत असते, हेही लक्षात घ्यावे.

म्हणजे या साखळीत कोणी एक मोठा चोर सापडत नाही. मोसंबीत किंवा भाजीपाल्यात बागेतला भाव आणि शहरातला भाव यांत जेवढे अंतर पडते, त्या मानाने साखरेतले अंतर थोडे आहे. मग सभासदाचा पैसा कमी पडतो तो कुठे? माझ्या मते तो साखळीत जात नाही, तो थांबण्यात जातो. हे जरा विस्ताराने सांगतो.

साखर तयार होते चार-पाच महिन्यांत आणि खपते बारा महिने. उसाचे पैसे मात्र कायद्याने ऊस आल्यापासून १४ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर वार्षिक १५ टक्के व्याज. साखर विकून पैसे द्यायचे म्हटले तरी ती हवी तेवढी विकता येत नाही, कारण कोणत्या कारखान्याने त्या महिन्यात किती साखर विकायची याचा कोटा दिल्लीहून ठरून येतो. मग कारखाना काय करतो? गोदामातली साखर बँकेकडे तारण ठेवतो. बँक साखरेचे मूल्यांकन करते, त्यातून काही टक्के दुरावा ठेवते आणि उरलेली रक्कम उचल म्हणून देते. त्या पैशातून आपले बिल निघते. पोत्यांच्या थप्प्या आपल्या गोदामात दिसतात, पण कुलूप बँकेचेही असते.

आता बघा. एक क्विंटल साखरेची किंमत ३,७०० रुपये धरली आणि बँकेने तिच्यावर ८५ टक्के दिले, तर कर्ज झाले ३,१४५ रुपये. व्याज ११ टक्के धरले तर महिन्याला सुमारे २९ रुपये, म्हणजे किलोला २९ पैसे. ही साखर आठ महिने पडून राहिली तर किलोमागे सव्वादोन रुपयांच्या वर नुसते व्याज चढते. ठोक व्यापारी पोत्यामागे जे कमावतो त्यापेक्षा हे किती तरी जास्त आहे. "भाव वाढेपर्यंत साखर दाबून ठेवा" असा सल्ला सभेत मिळतो, त्याचा अर्थ एवढाच की दर महिन्याला किलोमागे २९ पैशांहून जास्त भाव वाढणार याची खात्री पाहिजे. ती खात्री कोण देणार?

विक्री प्रत्यक्षात होते ती टेंडरने. कारखाना निविदा काढतो, व्यापारी आपापले दर देतात, संचालक मंडळाची समिती आणि कार्यकारी संचालक ते उघडून पाहतात, आणि दर पटला तर जास्त दर देणाऱ्याला माल मंजूर होतो. व्यापारी पैसे भरतो. त्यातून बँकेचे तारण आधी सुटते, मग डिलिव्हरी ऑर्डर निघते, आणि ठरलेल्या मुदतीत त्याला माल उचलावा लागतो. एस-३० म्हणजे बारीक दाणा, एम-३० म्हणजे त्याहून मोठा. दोघांचे दर वेगळे निघतात, म्हणून शेजारच्या कारखान्याचा दर ऐकताना तो कोणत्या दाण्याचा हे आधी विचारावे. व्यापाऱ्यालाही आपला कोटा माहीत असतो, आपली गरजही माहीत असते. महिनाअखेर आली आणि कोटा शिल्लक असला की तो घाई करत नाही. घाई आपल्याला असते.

सगळ्यांना एकदम पैसे लागले की काय होते हे जुन्या सभासदांना आठवत असेल. ऑगस्ट १९७८ मध्ये सरकारने साखरेवरचे नियंत्रण उठवले. साखर भरपूर होती, भाव कोसळले, आणि कारखान्यांनी मिळेल त्या दराने माल काढला. डिसेंबर १९७९ मध्ये नियंत्रण पुन्हा आले. नंतर कित्येक वर्षे साखरेचे दोन भाग असत, एक लेव्हीची आणि एक खुली. १९७९ च्या सुमारास १०० पोत्यांतली ६५ लेव्हीत जात. पुढे लेव्ही कमी होत गेली आणि रंगराजन समितीच्या अहवालानंतर २०१३ मध्ये ती बंद झाली. महिन्याचा कोटाही तेव्हा उठला. पण २०१७-१८ च्या हंगामात देशात अमाप साखर झाली, भाव पडले, आणि जून २०१८ मध्ये कोटा परत आला. त्याचबरोबर कारखान्याने किलोला २९ रुपयांच्या खाली साखर विकू नये असा आदेश निघाला. फेब्रुवारी २०१९ मध्ये ती किमान किंमत ३१ रुपये झाली. आता एफआरपी घ्या. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये, तोडणी-वाहतुकीसह. या उताऱ्याने एका टनातून साखर निघते १०२.५ किलो. ३१ रुपयांनी तिचे होतात ३,१७७ रुपये. म्हणजे नुसत्या किमान किमतीवर एफआरपीसुद्धा निघत नाही, मग पगार, दुरुस्ती आणि व्याज दूरच. विक्रीत किलोमागे एक रुपया जास्त मिळाला तर टनामागे १०२ रुपये ५० पैसे होतात. शेवटच्या हप्त्याची सगळी ओढाताण या एका रुपयाभोवती असते.

"मग व्यापारी कशाला पाहिजे? कारखान्यानेच दुकाने टाकावीत, किलोची पाकिटे विकावीत," असे दरवर्षी कोणी तरी उभे राहून सांगतो आणि टाळ्याही पडतात. कल्पना वाईट नाही. पण आकडे पाहा. एखाद्या कारखान्याने ५ लाख टन ऊस गाळला तर वरच्या उताऱ्याने पन्नास किलोची सव्वादहा लाख पोती होतात. वीस दुकाने टाकली, प्रत्येकाने एकही सुटी न घेता रोज दोन पोती विकली, तर वर्षाला होतात १४,६०० पोती. शंभरातले दीड पोतेही नाही. साऱ्या जालना जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १९ लाख ५९ हजार होती. माणशी वर्षाला वीस किलो साखर धरली, चहापासून बिस्किटापर्यंत सगळी, तरी जिल्ह्याला ३९ हजार टन पुरे. आपल्या या एका कारखान्याची साखर झाली ५१ हजार टन. अंबड, घनसावंगी, परतूर, भोकरदन सगळ्यांनी दोन्ही वेळा गोड जेवण केले तरी माल उरणारच. तो जिल्ह्याबाहेर, राज्याबाहेर जाणारच.

दुसरी अडचण नावाची. आपल्या जालन्यात बियाण्याचा धंदा कसा वाढला ते पाहा. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी महिको काढली, आणि पुढे हे गाव बियाण्याचे म्हणून देशात ओळखले जाऊ लागले. शेतकरी कृषी सेवा केंद्रात जातो तेव्हा कंपनीचे आणि वाणाचे नाव घेऊन पाकीट मागतो. ते नसेल तर पुढच्या दुकानात जातो. म्हणून कंपनी, वितरक, विक्रेता अशी साखळी कंपनीच्या शब्दावर चालते. साखरेचे तसे नाही. "अमुक कारखान्याची साखर द्या" असे कोणी म्हणताना मी तरी ऐकले नाही. गिऱ्हाईक दाणा आणि पांढरेपणा पाहते. जिला नाव नाही तिचा भाव घेणाराच ठरवतो.

नाव करायचे तर खर्च येतो. पाकीट भरण्याचे यंत्र, छापील पिशवी, तिच्यावर वजन, तारीख, कमाल किंमत, अन्न परवान्याचा क्रमांक, शिवाय वितरकाला उधारी. वारणानगरला तात्यासाहेब कोरे यांनी कारखान्याच्या आसऱ्याने दूध संघ काढला, वारणा बाजार उभा केला. त्या बाजारात नुसती साखर नाही, घरात लागणारे सगळे मिळते. नुसत्या साखरेवर दुकानाचे भाडेसुद्धा सुटत नाही. माझे मत असे की कारखान्याच्या दारात एक विक्री केंद्र, दिवाळीला सभासदांची साखर आणि थोडी पाकिटे एवढे जरूर करावे, पण त्यावर शेवटचा हप्ता वाढेल अशी आशा कोणाला दाखवू नये.

मोठे गिऱ्हाईक वेगळेच आहे. देशातली निम्म्याहून जास्त साखर घरात जातच नाही. ती बिस्किटे, शीतपेये, मिठाई, औषधे बनवणाऱ्यांकडे जाते. बाकीची लांबच्या राज्यांत. उत्तरेत उत्तर प्रदेशची साखर जवळ पडते, म्हणून आपला माल गुजरात, राजस्थान आणि रेल्वेने पूर्वेकडे जातो. पूर्वी आपला रेल्वेमार्ग मीटर गेजचा होता, मनमाडला एका गाडीतली पोती दुसऱ्या गाडीत टाकावी लागत. १९९० च्या दशकात तो रुंद झाला. जून २०२५ पासून समृद्धी महामार्ग मुंबईपर्यंत पुरा झाला, तेव्हा वाशीच्या बाजाराचा रस्ताही सोपा झाला. वाहतुकीत वाचलेले दहा-वीस रुपये टेंडरच्या दरात दिसले पाहिजेत, त्यावर विक्री समितीने लक्ष ठेवावे.

कारखानदार गिऱ्हाईक मात्र चोखंदळ असते. त्याला रंगाचा आकडा लागतो, ओलावा किती ते लागते, कोणाला गंधकाशिवायची साखर लागते. गोदामात पिवळी पडलेली थप्पी तो घेत नाही, ती मोंढ्यात कमी दराने जाते. येथे मात्र माझे खाते येते. तोडून दोन-तीन दिवस फडात पडलेला ऊस, पाचट-वाढ्यांसह आणि मातीसह आलेली मोळी, उन्हाळ्यातला वाळलेला ऊस यांचा उतारा तर घटतोच, रसही बिघडतो आणि साखरेचा रंग उतरतो. २०२२ साली आपण हे पाहिले. जालना आणि बीड जिल्ह्यांत मे संपला तरी ऊस उभा होता. सरकारने १ मेनंतरच्या उसाला उतारा घटीपोटी टनाला २०० रुपये अनुदान दिले. उताऱ्याची घट त्यातून थोडीफार भरली असेल, पण अशा रसाच्या साखरेला बाजारात जो कमी भाव येतो त्याला अनुदान नसते.

इथेनॉल आणि वीज यांना मोंढा लागत नाही. इथेनॉल तेल कंपन्या घेतात, दर सरकार ठरवते, पैसे साखरेपेक्षा लवकर सुटतात. पण डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर एकाएकी बंधन आले, तेव्हा ही वाटही आपल्या हातात आहे असे समजू नये. राज्याच्या २०१३ च्या कायद्याने उपपदार्थ धरून उत्पन्नाचे ७० टक्के, किंवा नुसती साखर असेल तर ७५ टक्के, किंवा एफआरपी, यांत जे जास्त ते उसाला द्यायचे असते.

वार्षिक अहवाल हातात आला की बहुतेक सभासद थेट ऊस दराचे पान काढतात. त्याआधी तीन आकडे पाहावेत : वर्षाचा सरासरी विक्री दर, माल तारण कर्जावरचे व्याज, आणि ३१ मार्चला शिल्लक साखर किती व ती कोणत्या दराने धरली आहे. शिल्लक साखरेचा दर फुगवून धरला असेल तर नफा कागदावर राहतो आणि पुढच्या वर्षी तोटा बनून येतो. सरासरी दर शेजारच्या कारखान्याशी ताडून पाहताना दाणा तोच आणि महिना तोच घ्यावा. फरक क्विंटलला पाच-दहा रुपयांचा असेल तर तो वाहतुकीचा असू शकतो. पन्नासचा असेल तर सभेत उभे राहून कारण विचारावे, आणि ते आकड्यांत मागावे.