फाइल चार जीबीपाशीच का अडते?

चौसष्ट जीबीचा पेनड्राइव्ह रिकामा आहे, गेमची पाच जीबीची एकच फाइल टाकायचीय, आणि कॉम्प्युटर म्हणतो, फाइल फार मोठी आहे. लगेच नवा पेनड्राइव्ह आणायला धावू नका. जागा भरपूर आहे, अडलंय ते नोंदवहीत. १९९६ मध्ये आलेल्या फॅट३२ या पद्धतीत फाइलचा आकार लिहायला ३२ बिटच ठेवलेत. त्यात मावणारा सर्वांत मोठा आकडा ४,२९,४९,६७,२९५. त्यापुढं एक बाइटही नाही.

एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलं की प्रश्न मिटतो. आतला डेटा मात्र पुसला जातो. आणि तोच पेनड्राइव्ह प्लेस्टेशन ३ ला लावायचा असेल तर फॅट३२च ठेवावं लागतं, त्या मशीनला एक्सफॅट वाचताच येत नाही. मग फाइल तोडायची. कोल्हापूरला यात नवल काय? बाबूराव पेंटरांचा १९२० चा ‘सैरंध्री’सुद्धा रिळारिळांनीच पडद्यावर गेला. रिळांचा क्रम चुकला की गोष्ट बिघडली.

सेव्हन-झिप तुकड्यांना ००१, ००२ असे नंबर देतं. ते बदलू नका. एक तुकडा हरवला तर फाइल जुळत नाही. आणि जोडणी कॉम्प्युटरच्या एनटीएफएस डिस्कवर करा. पेनड्राइव्हवरच जोडायला गेलात तर पुन्हा त्याच आकड्याला धडकाल.