घरात औषध मारणारा माणूस कोण?

दिवाळीची साफसफाई निघाली की घरोघरी एक विषय हमखास येतो. ढेकूण झालेत, झुरळे वाढलीत, चौकटीला वाळवी लागली आहे. कोणाला तरी बोलावून औषध मारून घ्यावे. मग ओळखीतला एखादा माणूस पाठीवर पंप अडकवून येतो, तासाभरात काम उरकतो आणि पैसे घेऊन जातो. त्याने काय मारले हे घरातले विचारत नाहीत आणि तोही सांगत नाही. रात्री मुलांना मळमळ, उलट्या सुरू झाल्या की मंडळी दवाखान्यात येतात. मी विचारतो, "औषध कोणते होते?" उत्तर बहुधा ठरलेले असते : "पांढरे होते, वास उग्र होता." एवढ्या माहितीवर डॉक्टरने काय करावे?

आपण 'औषध' म्हणतो ते वास्तविक विष असते. ते कोणी, कोठे आणि कशासाठी वापरावे याचे कायद्याने नियम केलेले आहेत. १९५८ साली केरळात पॅराथिऑन हे कीटकनाशक वाहतुकीत धान्यात व पिठात मिसळले आणि ते खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. त्या दुर्घटनेच्या चौकशीनंतर १९६८ साली कीटकनाशक कायदा झाला आणि १९७१ साली त्याचे नियम आले. दुसऱ्याच्या घरात, दुकानात, गोदामात किंवा शेतात पैसे घेऊन कीटकनाशक मारणाऱ्याला या नियमांप्रमाणे परवाना लागतो. आपल्या घरापुरते स्वतः वापरणाऱ्याला तो लागत नाही. आपल्याकडे या परवान्यांचे काम कृषी विभाग पाहतो. घरातल्या झुरळांचा परवाना शेतीखात्याकडे कसा, असे अनेकांना वाटते, पण कायदा एकच असल्यामुळे तसे आहे.

प्रत्येक कामाची परीक्षा वेगळी

अमेरिकेने या बाबतीत केलेली विभागणी समजून घेण्यासारखी आहे. तेथे १९७२ साली कायदा बदलला आणि जास्त धोक्याची कीटकनाशके फक्त प्रमाणपत्रधारकानेच, किंवा त्याच्या देखरेखीखाली, वापरावीत असे ठरले. स्वतःच्या शेतात वापरणारा शेतकरी हा एक वर्ग आणि व्यवसाय म्हणून वापरणारा हा दुसरा. व्यावसायिकांचे पुन्हा कामाप्रमाणे गट आहेत : शेतातील पिके, जनावरे, जंगल, बागा व हिरवळ, बियाण्यांवरची प्रक्रिया, तलाव व कालवे, रस्ते व रेल्वेच्या कडा, घरे व गोदामे, सार्वजनिक आरोग्य वगैरे. २०१७ साली नियम सुधारले तेव्हा विषारी वायूची धुरी देणे आणि विमानातून फवारणे यांचे गट स्वतंत्र केले. वयाची किमान अट अठरा वर्षांची झाली आणि प्रमाणपत्राचे नूतनीकरण जास्तीत जास्त पाच वर्षांनी करावे असे ठरले.

या वर्गवारीमागचा विचार साधा आहे. कपाशीवर फवारणाऱ्याला वाऱ्याची दिशा कळावी लागते. गोदामात धुरी देणाऱ्याला वायू कोणत्या फटीतून बाहेर जाईल हे कळावे लागते. स्वयंपाकघरात झुरळांचे औषध लावणाऱ्याला भांडी, पीठ आणि रांगणारे मूल यांचे भान लागते. एका कामात तरबेज असलेला माणूस दुसऱ्या कामात पुरता अडाणी असू शकतो. आपल्या नियमांत इतके गट नाहीत, पण सर्वांत धोक्याच्या कामासाठी आपल्याकडेही वेगळी अट आहे. ते काम म्हणजे धुरी.

धान्याच्या गोळ्या

धान्याला कीड लागू नये म्हणून ज्या करड्या गोळ्या टाकतात, त्यांत ॲल्युमिनियम फॉस्फाइड असते. हवेतल्या दमटपणाशी संयोग होताच त्यातून फॉस्फिन हा अतिविषारी वायू सुटतो. त्याला लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास येऊ शकतो, मात्र वास आला नाही म्हणजे वायू नाही असे समजू नये. भिंतीच्या फटीतून, नळाच्या मोकळ्या जागेतून तो शेजारच्या खोलीत, वरच्या मजल्यावर पोहोचतो. डोके दुखणे, उलट्या, छातीत आवळल्यासारखे होणे, धाप लागणे ही त्याची लक्षणे. पुढे रक्तदाब कोसळतो, हृदयाचे काम बिघडते. याच्यावर उतारा नाही. रुग्णाला आधार देणारे उपचार तेवढे आम्ही करू शकतो.

म्हणूनच ही धुरी देणाऱ्या व्यावसायिकाला नियमांनी शिक्षणाची अट घातली आहे. तो कृषी शाखेचा किंवा रसायनशास्त्र घेऊन विज्ञान शाखेचा पदवीधर असावा. शिवाय म्हैसूर, हापूड किंवा हैदराबाद येथील ठरावीक केंद्रीय संस्थेत त्याने किमान पंधरा दिवसांचे प्रशिक्षण घेतलेले असावे. या गोळ्यांची विक्रीही सरकारी यंत्रणा आणि परवानाधारक व्यावसायिक यांच्यापुरती मर्यादित आहे. दहा आणि वीस गोळ्यांच्या छोट्या नळ्यांवर २००१ साली बंदी आली. असे असताना सुट्या गोळ्या पुडीत बांधून आणणे, माजघरातल्या कोठीत टाकणे आणि त्याच खोलीत मुलांना निजवणे हा जिवाशी खेळ आहे. ढेकणांसाठी गादीखाली गोळी ठेवण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मुळीच ऐकू नका.

लेबलावरचा रंग

कीटकनाशकाच्या प्रत्येक डब्यावर कोपऱ्यावर उभा केलेला एक चौकोन असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग विषाची तीव्रता सांगतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी. त्यानंतर पिवळा, मग निळा आणि सर्वांत शेवटी हिरवा. लाल रंगाच्या वर कवटी आणि हाडांची खूणही असते. पिवळा रंग पाहून पुष्कळजण निर्धास्त होतात, पण पिवळ्यावरही 'विष' असाच शब्द छापलेला असतो. हिरवा म्हणजे निर्धोक असेही नाही. त्याचा अर्थ त्या मानाने कमी विषारी एवढाच.

रंगाइतकेच डब्यावरचे नाव महत्त्वाचे असते, कारण उपचार त्यावर ठरतो. सेंद्रिय फॉस्फरस गटातील विषाने बाहुल्या बारीक होतात, तोंडाला लाळ सुटते, घाम येतो, स्नायू फडफडतात. त्यावर ॲट्रोपिनसारखा गुणकारी उतारा आहे. काही उंदीरनाशकांनी रक्त गोठणे बंद होते आणि तेथे 'के' जीवनसत्त्व द्यावे लागते. फॉस्फिनचे मी वर सांगितलेच. म्हणून डबा फेकून देण्याआधी त्याचे नाव टिपून ठेवावे.

बोलावण्यापूर्वी काय विचारावे?

परवाना दाखवायला सांगा आणि तो कोणत्या कामासाठी आहे, मुदत संपली आहे का, हे वाचा. खरा व्यावसायिक याने रागावत नाही. कोणते औषध मारणार, ते मूळ सीलबंद डब्यातून समोर काढा म्हणावे. बिनलेबलाच्या बाटलीतले औषध घरात येऊ देऊ नये. शेतीसाठीचे औषध घरात मारायला नकार द्या. अन्न, भांडी, खेळणी, पाळीव प्राणी आधीच हलवा. गरोदर बाई, तान्हे मूल आणि दमेकरी यांना त्या दिवशी दुसरीकडे पाठवा. किती वेळाने घरात यायचे ते लिहून घ्या आणि आल्यावर दारे-खिडक्या उघडून वारा खेळू द्या.

फवारणाऱ्याकडेही पाहा. उघड्या हातांनी, तोंडाला नुसता रुमाल बांधून तो काम करत असेल, तर सर्वांत जास्त विष त्याच्याच अंगात जाते आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात पोहोचले. हातमोजे आणि मास्क नसलेल्या माणसाला स्वस्त पडतो म्हणून कामाला लावू नये.

विषबाधेची शंका आली तर रुग्णाला मोकळ्या हवेत आणा. औषध अंगावर सांडले असेल तर कपडे काढून साबणाने अंग धुवा. मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नका. गोळ्यांवर पाणी ओतू नका, त्याने वायू जोरात सुटतो. रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक फिरवा आणि निघताना तो डबा किंवा त्याचे लेबल बरोबर घ्या. घरात एकाच रात्री दोघा-तिघांना उलट्या झाल्या, तर शिळ्या अन्नाला दोष देण्यापूर्वी घरात किंवा शेजारी औषध मारले होते का, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.