मुंबईत मुलांना घेऊन जेवायचं कुठं?

रमजान लागला की आपल्या भागातली कितीतरी घरं एखादा दिवस काढून मुंबई गाठतात. ईदची खरेदी हे मोठं निमित्त. मंगळदास मार्केटात कापड, क्रॉफर्ड मार्केटात सुकामेवा आणि संध्याकाळी मोहम्मद अली रोडची रोषणाई. अलीकडं शेजारची हिंदू, जैन, ख्रिस्ती कुटुंबंही ‘यंदा आम्हीपण येतो’ म्हणत बरोबर निघतात. रिझर्व्हेशन होतं, पिशव्या भरून होतात आणि मग घरातली बाई विचारते, ‘पोरांना खायला कुठं घालायचं?’

पुरुषमाणसं या प्रश्नाला फार किंमत देत नाहीत. ‘मुंबईत काय, पावलोपावली हॉटेल आहे,’ असं म्हणून मोकळी होतात. हॉटेलं आहेतच. पण चार वर्षांचं पोर, त्याची बाटली, ओझी आणि सोबत गुडघे दुखणारी आजी घेऊन अर्धा तास निवांत टेकता येईल, अशी जागा पावलोपावली नाही. ती सापडली नाही की दुपारी दोनला रस्त्यावरच रडारड सुरू होते आणि उरलेली मुंबई तिथंच संपते.

पाटीवरचं ‘फॅमिली’

आपल्याकडं ‘फॅमिली रूमची स्वतंत्र सोय’ अशी पाटी दिसली की निश्चिंत व्हायचं. मुंबईत हा शब्द जपून वाचा. तिथं ‘फॅमिली रेस्टॉरंट अँड बार’ अशाही पाट्या असतात, आणि ‘परमिट रूम’ लिहिलं असेल तर तिथं दारू मिळते हे उघडच आहे. म्हणून पाटीपेक्षा आत कोण बसलंय ते बघा. एखादी बाई एकटी मुलांना घेऊन जेवतेय, कोपऱ्यात आजी-आजोबा चहा पिताहेत, असं दिसलं तर खुशाल आत जा.

बसण्याआधी गल्ल्यावर दोन गोष्टी विचारून घ्या. स्वच्छतागृह आहे का आणि ते चालू आहे का? आणि मुलांसाठी पाच मिनिटांत काय मिळेल? पहिल्या प्रश्नावर माणूस इकडंतिकडं बघायला लागला तर दुसरा विचारायची गरज नाही. बायकांनी बाहेर पडल्यावर दिवसभर पाणीच प्यायचं नाही, ही आपल्याकडची जुनी सवय या एका गोष्टीमुळं पडली आहे. रोजा नसलेल्या बाईनंही मुंबईत तहानेनं दिवस काढायचा, हे काही बरोबर नाही.

दुपारची सोय

महालक्ष्मी एक्स्प्रेसनं सकाळी सीएसएमटीला उतरलात तर धोबी तलावचं कयानी जवळ आहे. १९०४ पासूनचं हे इराणी हॉटेल. बनमस्का, मावा केक, आम्लेट, चहा. उंच छत, लाकडी खुर्च्या, आणि मुलांनी पाव चहात बुडवून टेबल ओलं केलं तरी कुणी डोळे वटारत नाही.

राणीच्या बागेत जायचं असेल तर बुधवार टाळा, त्या दिवशी बाग बंद असते. बाग बघून झाल्यावर दादर किंवा माटुंगा गाठता येतं. दादरला शिवसेना भवनासमोर ‘आस्वाद’ आहे. थालीपीठ, साबुदाणा वडा, आपल्या तोंडाची चव. स्टेशनजवळ मामा काणे आहेत, त्यांचा बटाटेवडा १९१० पासून चालत आलेला. माटुंग्याला उडुपी हॉटेलांची रांगच आहे. रामाश्रय १९३९ चं, कॅफे मद्रास १९४० चं. स्टेशनजवळच पहिल्या मजल्यावर रामा नायकांचं उडुपी, १९४२ पासूनचं; तिथं केळीच्या पानावर जेवण मिळतं. लहान मुलांना घेऊन गेलेल्यांसाठी उडुपीइतकी सोयीची जागा नाही. इडली चटकन येते, तिखट नसते, हातानं खाता येते. शनिवार-रविवारी मात्र कॅफे मद्रासबाहेर नावं लिहून थांबावं लागतं. भुकेलेलं पोर घेऊन त्या रांगेत उभं राहू नका. अकराच्या आत किंवा मग आठवड्यातल्या मधल्या दिवशी जा.

आता रमजानमधली एक खास अडचण. मुस्लीम कुटुंब भर दुपारी हॉटेलात जेवताना दिसलं की काहींच्या भुवया उंचावतात, आणि त्यात आपलेही लोक असतात. बुरखा घातलेल्या बाईच्या हातात घास दिसला की टक लावून बघतात. त्यांना एवढंच सांगायचं आहे की, लहान मुलांवर रोजा फर्ज नाही. प्रवासात असलेल्याला, आजाऱ्याला सवलत आहे. सुटलेले रोजे नंतर पुरे करता येतात. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईलाही मुभा आहे, आणि महिन्यातले काही दिवस बाई रोजा ठेवतच नाही. त्यातलं कुठलं कारण आहे, हे तिनं टेबलावर बसून चारचौघांना सांगायचं का? मुस्लीम वस्तीतली काही हॉटेलं रमजानमध्ये दिवसा बंद असतात, काही दाराला पडदा लावून चालू असतात. पडदा असला तरी आत जायला संकोच करू नका. तो तुमच्यासारख्यांसाठीच असतो.

संध्याकाळची मोहम्मद अली रोड

मोहम्मद अली रोडला जायचं तर लोकलनं मस्जिद स्टेशनला उतरावं. तिथून मिनारा मशीद चालत गाठता येते. खरी गर्दी होते ती तरावीहच्या नमाजनंतर, रात्री साडेनऊ-दहाला, आणि ती सहेरीपर्यंत हटत नाही. शेवटचे दहा दिवस आणि शनिवारची रात्र तर विचारू नका. मुलं असतील तर मगरिबच्या आधी पोचा. फेब्रुवारी-मार्चमध्ये मुंबईत पावणेसातच्या सुमाराला सूर्य मावळतो. साडेसहाला जागा धरून बसलात तर रोजा नसलेल्या तुमच्या मुलांनाही इफ्तारचा तो क्षण बघायला मिळतो. सगळं बाजारपेठ गप्प, हातात खजूर, कान अजानकडं. त्या दहा मिनिटांत वेटरला हाका मारू नका. तोही सकाळपासून उपाशी असतो.

मिनारा मशिदीच्या गल्लीत उभ्यानं खायचं असतं. बाबागाडी तिथं चालत नाही, पोर कडेवरच घ्यावं लागतं. थोड्या मोठ्या मुलांच्या खिशात फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. बसून जेवायचं तर भेंडीबाजारच्या नाक्यावरचं शालिमार मोठं आहे, कुटुंबांची तिथं नेहमीची ये-जा असते. जवळच नूर मोहम्मदी, १९२३ पासूनचं, नल्ली निहारीसाठी प्रसिद्ध. चित्रकार एम. एफ. हुसेन तिथले गिऱ्हाईक होते. निहारी मुलांना तिखट लागली तर सोबत दही मागवा.

जेवण आधी उरकून घ्या आणि गल्लीत फक्त गोड खायला जा, म्हणजे दमणूक निम्म्यावर येते. सुलेमान उस्मान मिठाईवाल्यांचं दुकान १९३६ पासूनचं. मातीच्या वाटीतली फिरनी मुलांना हमखास आवडते. तांदळाचं, वाफवलेलं सांदल मिळालं तर जरूर घ्या. कोकणातल्या वाचकांना त्याची चव परकी वाटणार नाही. फणसाची सांदणं करणाऱ्या हिंदू घरांचं आणि सांदल करणाऱ्या कोकणी मुस्लीम घरांचं हे जुनं नातं आहे. बोहरी मोहल्ल्यात ताज आइस्क्रीम आहे, १८८७ पासूनचं, हातानं फिरवून केलेलं.

सोबत शाकाहारी असतील तर

आमच्या गल्लीतल्या एक काकू नातवंडांना घेऊन आमच्यासोबत आल्या होत्या. मालपुव्याची कढई बघून नातवानं हट्ट धरला. काकूंनी मला बाजूला घेऊन विचारलं, ‘यात काही नसतं ना गं?’ असतं. तिथल्या मालपुव्याच्या पिठात अंडं घालतात, बैदा रोटीत तर नावातच आहे. हे आधी सांगणं आपलं काम, आणि विचारायला न लाजणं त्यांचं. नातवानं फिरनी खाल्ली, तीही दोनदा. सगळ्यांनी एकत्रच बसायचं असेल तर क्रॉफर्ड मार्केटसमोरचं बादशाह बरं. पावभाजी आणि फालुदा, बसायला जागा, आणि कुणालाच काही विचारत बसावं लागत नाही. उलट बाजूनंही तेच. आम्ही ‘हलाल आहे का?’ असं विचारलं तर तो कुणाचा अपमान नसतो. नीट उत्तर मिळालं तर खातो, नाही तर डाळ-भात मागवतो.

बिलाकडंही लक्ष असू द्या. काही हॉटेलं बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावतात. तो सक्तीनं लावता येत नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलं आहे, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानंही त्या कायम ठेवल्या. ‘हा काढून द्या’ असं शांतपणे सांगा. त्या पैशातून ज्यानं तुमच्या मुलाचं सांडलेलं पाणी पुसलं, त्या पोऱ्याच्या हातात थेट काही ठेवलंत तर ते त्याच्याच घरी जाईल. ईद त्यालाही करायची आहे.

आणि एक. हॉटेलात बसल्यावर आई आधी पोरांना भरवते, मग सासूला वाढते, आणि तिची पोळी येईपर्यंत भाजी गार झालेली असते. तोवर बाकीचे हात धुऊन ‘चला, उशीर होतोय’ म्हणत उभे. यंदा मुंबईला गेलात तर एक वेळ पोराला बापानं मांडीवर घ्यावं आणि तिला गरम जेवू द्यावं. गाडी रात्रीची असते. वेळ भरपूर असतो.