आपल्याच वकिलावर केस?

प्रकरण तसं छोटंसंच. दिल्लीतल्या एका माणसाला मिळालेला २० हजारांचा चेक बाउन्स झाला. त्याने वकील केला, केस टाकली. समोरची पार्टी नरमली. २० हजारांचा ड्राफ्ट, वर खर्चापोटी ५ हजारांचा चेक, असं ठरलं. दोन्ही वकिलाच्या हातात पडलं आणि तिथेच घोडं अडलं. वकील ते देईना, उलट ५ हजार रोख मागू लागला, ही अशिलाची तक्रार. तो तडक ग्राहक मंचात गेला.

पुढे हा वाद इतका वर चढला, की २००७ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने सांगून टाकलं, वकीलसुद्धा ग्राहक कायद्यात येतात! वकिलांच्या संघटना सुप्रीम कोर्टात धावल्या. १४ मे २०२४ ला निकाल आला : वकील ग्राहक कायद्यात येत नाहीत. कारण काय, तर वकील अशिलाच्या सूचनेनुसार काम करतो, त्याच्या कामावर अशिलाचा बराच कंट्रोल असतो. वकिलाने फोन उचलावा म्हणून ज्याने आठवडा काढलाय, त्याला हे वाचून हसू येईल. पण कायदा आता हाच. डॉक्टरांना १९९५ पासून ग्राहक कायदा लागू आहे, वकिलांना नाही.

म्हणजे वकिलाने काहीही करावं आणि आपण गप्प बसावं? अजिबात नाही. निष्काळजीपणासाठी किंवा गैरवर्तनासाठी वकिलाला जबाबदार धरता येणारच नाही, असा या निकालाचा अर्थ नाही. फक्त सोपं दार बंद झालंय.

उरलेल्या दारांपैकी पहिलं बार कौन्सिलचं. आपल्याकडे महाराष्ट्र आणि गोव्याची मिळून एकच बार कौन्सिल आहे. १९६१ च्या अॅडव्होकेट्स अॅक्टखाली तिथे गैरवर्तनाची तक्रार करता येते. शिस्तपालन समिती ताकीद देऊ शकते, काही काळ वकिली बंद करू शकते, अगदी सनदही काढून घेऊ शकते. वर्षभरात निर्णय झाला नाही, तर प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जातं. पण लक्षात घ्या, इथे वकिलाला शिक्षा होते. बुडालेले पैसे हवे असतील, तर दिवाणी दावा. १९२६ च्या एका जुन्या कायद्यात स्पष्टच लिहिलंय, की केवळ वकील आहे म्हणून कुणी निष्काळजीपणाच्या दाव्यातून सुटत नाही. मुदत साधारण ३ वर्षं, शिवाय कोर्ट फी, आणि हो, त्यासाठी आणखी एक वकील! बरं, चूक झाली एवढं दाखवून भागत नाही. त्या चुकीमुळेच आपलं नुकसान झालं, हेही सिद्ध करावं लागतं. इथेच भल्याभल्यांचा घाम निघतो.

आणि केस हरली म्हणजे वकील चुकला, असं नाही हं! प्रत्येक केसमध्ये एक जण हरणारच, हे सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये ऐकवलंय. अपिलाची मुदत घालवली, तारखांना हजरच नाही, समोरच्याकडून आलेले पैसे दाबून ठेवले, ही खरी तक्रारीची कारणं.

पण भांडण नंतर, आधी केस वाचवा. तारखेला कुणी न गेल्यामुळे दिवाणी दावा डिसमिस झाला असेल, तर तो पुन्हा उभा करण्याच्या अर्जाला ३० दिवसच असतात. उशीर झालाच, तर तो का झाला ते कोर्टाला पटवावं लागतं. त्यामुळे रागाचं पत्र लिहिण्याआधी दुसरा वकील गाठा. पहिला म्हणतो, ‘आधी फी, मग फाइल’? तसं करता येत नाही. फीसाठी अशिलाचे कागद अडवून ठेवणं हे गैरवर्तन आहे, असं सुप्रीम कोर्टाने २००० मध्येच ठरवलंय. फी बाकी असेल, तर त्याने ती वेगळी वसूल करावी. फाइल लेखी मागा, ई-मेलने मागितलीत तर तारखेसकट पुरावा राहतो.

पुराव्यावरून आठवलं. आपली मंडळी मोबाइल घेताना बिल मागतात आणि वकिलाच्या हातात ५० हजार रोख ठेवून ‘थँक यू सर’ म्हणत बाहेर पडतात. फी चेकने किंवा ऑनलाइन द्या, पावती घ्या. वकीलपत्रावर सही करताना ते वाचा. तडजोड करण्याचे, पैसे स्वीकारण्याचे अधिकार त्यातच दिलेले असू शकतात. केसचा सीएनआर नंबर मागून घ्या. १६ अक्षरी असतो. ई-कोर्ट्सच्या अॅपमध्ये तो टाकला, की मागच्या तारखेला काय झालं आणि पुढची तारीख कधी, हे लंच टाइममध्ये डबा खाताखाता बघता येतं. ‘साहेब, तारीख पडली’ या उत्तरावर मग नुसतं विसंबावं लागत नाही.