कर्नलला ठिगळ

लिनक्सच्या कर्नलचा, म्हणजे गाभ्याचा, सोर्सकोड केव्हाच दोन कोटी ओळींच्या पुढे गेलाय. त्यातल्या चाळीस ओळी बदलल्या, तर अख्खं बाड पुन्हा कशाला उतरवायचं? फक्त फरकाची फाइल घ्यायची: पॅच, म्हणजे चक्क ठिगळ. (प्रोग्रॅमच्या जुन्या छिद्रपट्ट्यांवरची चुकलेली भोकं खरोखरच कागद चिकटवून बुजवत.)

फाइल उघडून पाहा. उणे चिन्हाची ओळ काढायची, अधिक चिन्हाची घालायची. वरखाली सहसा तीन-तीन ओळी जशाच्या तशा, जागा ओळखायला. लॅरी वॉल यांनी १९८५ मध्ये लिहिलेला ‘पॅच’ हा प्रोग्रॅम याच खुणा शोधतो. मजकूर थोडा सरकला असला तरी जागा हुडकतो. अजिबातच जुळलं नाही, तर तो तुकडा वेगळ्या फाइलीत टाकून मोकळा. उगाच कुठेही चिकटवत नाही, हे मला फार आवडतं.

फसगत होते ती आवृत्त्यांच्या आकड्यांत. ५.६.२ चा पॅच ५.६.१ वर नाही, मूळ ५.६ वर बसतो. म्हणून आधी ५.६.१ चं ठिगळ उसवा, म्हणजे तोच पॅच उलटा चालवा, मग नवं लावा. त्यानंतर कर्नल कंपाइल करून मशीन रीस्टार्ट. जुना कर्नल मात्र बूट मेनूत राहू द्या. नवा रुसला तर तोच कामी येतो.