बेपत्ता माणसाचा खटला

घरातले माणूस गेले तर आप्त रडतात, दहावे-तेरावे करतात आणि हळूहळू पुन्हा संसाराला लागतात. ते तुरुंगात पडले तर वकील गाठतात. पण सरकारच्याच माणसांनी त्याला रात्री उचलून न्यावे आणि सकाळी ‘असा कोणी इसम आमच्या ताब्यात नाही’ असे उत्तर द्यावे, तर त्या घराने करावे काय?

दक्षिण अमेरिकेतील अर्जेंटिना देशात २४ मार्च १९७६ रोजी सेनाधिकाऱ्यांनी सत्ता बळकावली आणि १९८३ पर्यंत ती सोडली नाही. त्या काळात विद्यार्थी, कामगार, वकील, पत्रकार अशी हजारो माणसे नाहीशी झाली. चौकशी आयोगाने १९८४ साली सुमारे ९,००० प्रकरणे नोंदविली. मानवी हक्कांच्या संघटना ३०,००० हा आकडा सांगतात. धरलेल्या माणसाला न्यायालयापुढे हजर करा, असा बंदीप्रत्यक्षीकरणाचा अर्ज करावा, तर बंदीच नाही म्हटल्यावर प्रत्यक्ष कोणाला करणार? प्रेत नाही म्हणून खून नाही, नोंद नाही म्हणून अटक नाही. मोठी सफाईची युक्ती होती ही!

३० एप्रिल १९७७ रोजी १४ स्त्रिया राजधानी ब्युनॉस आयरिसमध्ये, अध्यक्षांच्या प्रासादासमोरील प्लासा दे मायो या चौकात जमल्या. घोळक्याने उभे राहण्यास मनाई होती. पोलिसांनी ‘चालत राहा’ म्हणून दरडावले, तेव्हा या माता दोघीदोघींनी त्या चौकातच फेऱ्या घालू लागल्या. हुकूम मोडला नाही आणि जागाही सोडली नाही! पुढे गुरुवार हा त्यांचा वार ठरला आणि पांढरा रुमाल ही खूण. पहिले रुमाल तान्ह्या मुलांच्या लंगोटाच्या कापडाचे होते. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यांच्या पुढारी असुसेना व्हियाफ्लोर यांनाच पळवून नेण्यात आले. त्यांचे अवशेष ओळखले गेले ते २००५ साली; त्यांची रक्षा त्याच चौकात पुरली आहे.

श्रोत्यांपैकी कोणी विचारील, पुढे गुन्हेगारांना शासन झाले की नाही? झाले, पण सरळ वाटेने नव्हे. १९८५ साली जनरल विदेला यांना जन्मठेप झाली. मग १९८६ व १९८७ च्या कायद्यांनी बहुतेक खटले थांबविले आणि १९९० साली विदेलांना माफीही मिळाली. तेथे आज्या पुढे सरसावल्या. कैदेत प्रसूत झालेल्या मुलींची बाळे खोट्या नावांनी परक्या घरांत, कित्येकदा लष्करी कुटुंबांतच, वाढत होती. ही बालकांची चोरी त्या कायद्यांनी माफ केलेली नव्हती. आईबाप नाहीत तेव्हा आजीआजोबांच्या रक्तावरून नाते सिद्ध करण्याची रीत मेरी-क्लेअर किंग या अमेरिकन विदुषीने या आज्यांसाठी बसवून दिली. तिच्या आधारे १३० हून अधिक नातवंडांना आपली खरी ओळख मिळाली. १९९८ साली विदेला पुन्हा पकडले गेले, ते याच आरोपाखाली. २००५ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ते दोन्ही कायदे घटनाबाह्य ठरविले.

या लढ्यामागील कायद्याचा विचार नीट समजून घेण्याजोगा आहे. खून एका क्षणी घडून जातो. नाहीसे करणे मात्र त्या माणसाचे काय झाले हे सांगेपर्यंत चालूच राहते. म्हणून खटल्याची मुदत तोपर्यंत मोजावयास लागत नाही. संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर २००६ मध्ये स्वीकारलेल्या करारात हे तत्त्व आले आहे. भारताने २००७ साली त्यावर सही केली. मात्र अनुसमर्थन अद्याप दिलेले नाही, आणि आपल्या दंडविधानात या गुन्ह्याला स्वतंत्र नावही नाही.